वॉटरक्रेस: ओढ्यातली नको, टबातली खा

मोहरीच्या कुळातली ही बहुवर्षायू पालेभाजी. वाहत्या पाण्यात वाढते, चवही मोहरीसारखीच झणझणीत. पण गुरं-मेंढरं उतरतात त्या ओढ्यातली कच्ची अजिबात खाऊ नका. यकृतात शिरणाऱ्या चपट्या कृमीची अळी पानाला चिकटलेली असू शकते. मीठ-व्हिनेगरने ती मरेलच असं नाही, नीट शिजवली तरच मरते.

घरी लावायची तर १० सेंमीची काडी पाण्यात ठेवा. पेरांना पांढऱ्या मुळ्या फुटल्या की माती आणि कुजलेल्या शेणखताच्या टबात लावा. मातीवर बोटभर पाणी हवं, तेही दर दोन दिवसांनी बदललेलं, नाहीतर डास ठरलेले. पाचगणीची हवा तिला मानवेल. सांगलीत मात्र थंडीतच. ऊन तापलं की पांढरा फुलोरा येतो आणि पानं कडवट होतात, त्याआधीच शेंडे खुडा. टबातली भाजी लसणाच्या फोडणीत मिनिटभरच परता. जास्त शिजवली की झणका गेलाच.