हे कशाला चांगलं?

मँगोस्टीन हे फळ उलटं करून पाहायचं असतं, हे मला पुतण्यानं शिकवलं. देठाशी जाड हिरव्या पाकळ्यांची टोपी असते, सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच जातं. खरी गंमत बुडाशी. तिथे सालीवर एक छोटंसं, वाळकं, खडबडीत फूल डकवल्यासारखं दिसतं. फुलातल्या कुक्षीचा तो उरलेला भाग. त्याच्या पाकळ्या मोजायच्या. सहा भरल्या तर आत फोडीही सहाच. कापायच्या आधीच आकडा हातात.

जेवणं झाली होती, पुढे काही काम नव्हतं, आणि मी, वहिनी आणि पुतण्या असे तिघं मन लावून फळं उलटी करत बसलो.

आमच्या लहानपणी संत्र्याला ही सोय असती तर बरीच भांडणं वाचली असती. आई संत्रं सोलायला बसली की आम्ही भावंडं तिच्याभोवती कोंडाळं करायचो. फोडी कधीच सारख्या वाटल्या जायच्या नाहीत, एखादी उरायचीच. मग ती कुणाची? मागच्या वेळी कुणाला मिळाली होती, कालचा अभ्यास कुणी केला नव्हता, अशी सगळी जुनी प्रकरणं वर यायची. मध्येच दोन मोठ्या फोडींच्या बेचक्यात एक चिमुकली फोड सापडायची. ती धाकटीची, यावर मात्र वाद नव्हता. शेवटी आई उरलेली फोड शांतपणे स्वतःच्या तोंडात टाकायची. त्या क्षणी आमच्यात जी एकी व्हायची, तशी पुढे इस्टतीच्या कागदांवर सह्या करतानाही झाली नाही.

अर्थात मँगोस्टीनही काही अगदी साधं नाही. फोडींचा आकडा खरा सांगतं, आकाराबद्दल गप्प बसतं. आत एक-दोन फोडी चांगल्या टपोऱ्या, बी असलेल्या, बाकीच्या बारक्या. आईचं काम वाढलंच असतं.

सुरी आडवी, फळाच्या कमरेभोवती फिरवायची, पण खोल घालायची नाही. मग दोन्ही हातांनी पिळलं की वरचा अर्धा भाग वाटीसारखा सुटतो. जांभळी, बोटभर नसली तरी चांगली जाड साल, आणि आत पांढऱ्याशुभ्र फोडी. सालीचा रस कपड्यावर पडला की तो कपडा गेलाच म्हणायचा. आग्नेय आशियातली कित्येक हॉटेलं ड्युरियन हे फळ खोलीत आणू देत नाहीत ते वासामुळे, आणि मँगोस्टीन आणू देत नाहीत ते या डागांमुळे. चव सांगत बसत नाही. गोड, किंचित आंबट, आणि जिभेवर येता येताच संपलेली. दुसरी फोड घ्यावी लागते, ती त्यासाठीच.

मी दुसरी घेतली, तेवढ्यात वहिनींनी विचारलं, ‘‘पण भाऊजी, हे कशाला चांगलं?’’

इथे माझं डोकं फिरतं. ओळखीच्या फळाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. आंबा कशाला चांगला, असं विचारणाऱ्याला आपण पाण्याचा पेला देऊन बसवू. पण अनोळखी फळ दारात आलं की त्यानं शिफारसपत्र दाखवलंच पाहिजे: यकृत, सांधे, त्वचा, नाहीतर निदान केस तरी. वहिनींनी मोबाइल उघडून वाचायला सुरुवात केली. झॅन्थोन, अँटिऑक्सिडंट, सूज कमी करतं, आणखी बरंच काही.

त्यात गोम अशी की ही झॅन्थोन नावाची द्रव्यं मुख्यतः सालीत असतात. त्यांच्यावरचं बरंचसं काम प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर झालेलं. म्हणजे ज्याचं एवढं कौतुक, ते आम्ही केराच्या टोपलीत टाकलं होतं, आणि खात होतो तो गर बहुतेक पाणी आणि साखर. ‘क’ जीवनसत्त्व म्हणाल तर शंभर ग्रॅममागे पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर, संत्र्यात 50च्या आसपास, आणि ‘फळांची राणी’ म्हणवणाऱ्या या राणीसाहेबांत एकेरी आकडा. मला एकदम बरं वाटलं. एवढं नावाजलेलं फळ, आणि त्याच्यावर कुठलीही जबाबदारी नाही!

राणीवरून आठवलं, व्हिक्टोरिया राणीनं म्हणे ताजं मँगोस्टीन आणून देणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. लेखी पुरावा कुठेच नाही, पण गोष्ट चांगली आहे. त्यात राणीनं फायदे विचारल्याचा उल्लेख नाही.

अण्णांचं मूत्रपिंड निकामी होत गेलं, तेव्हा घरात फळांचा ढीग लागायचा. भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी ‘चांगलं’ घेऊन यायचा. शहाळी, संत्री, केळी. पोटॅशियम भरपूर म्हणून एरवी जी वाखाणतात, तीच फळं अण्णांना त्याच पोटॅशियमपायी बंद होती. निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात साचलं की हृदयाचे ठोके बिघडतात. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, तर अशा रुग्णांना विषासारखंच. त्यातल्या एका द्रव्याचा थेट मेंदूवर परिणाम होतो. अण्णांना केळं आवडायचं. ठिपके पडलेलं, पार पिकलेलं. त्यांना केळं का हवं होतं, तर आवडायचं म्हणून. त्या घरात तेवढं एकच कारण चालत नव्हतं.

हे मी वहिनींना बोललो नाही. त्यांनीच तर तेव्हा पथ्याचा तक्ता भिंतीवर लावून वर्षभर सांभाळला होता.

पुतण्या तोवर बिया धुऊन कुंडी शोधत होता. या बिया वाळल्या की मरतात, ओल्या असतानाच लावाव्या लागतात. बाकी त्यांना काही लागत नाही. परागसिंचन नाही, नर झाड नाही. बीतून उगवतं ते आईचंच झाड पुन्हा एकदा.

‘‘काका, फळं कधी येतील?’’

‘‘सात-आठ वर्षं धर. दहाही लागतील.’’

‘‘असू दे,’’ वहिनी मोबाइल बाजूला ठेवत म्हणाल्या, ‘‘तोवर याचे आणखी फायदे निघतील.’’