तीन चकरा अन् हरभऱ्याच्या पुड्या

पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक (उपयोगी जिवाणूंची भुकटी) लावा, लावा असं सगळेच सांगतात, पण पुड्या मिळवायच्या कशा हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

आमचं नाल्याकाठचं तीन एकर हलकं रान, यवतमाळ जिल्ह्यात. मागच्या वर्षी तिथलं सोयाबीन पिवळं पडलं, उपटून पाहिलं तर मुळाला गाठी मोजून चार-पाच. या गाठीतले जिवाणूच हवेतला नत्र झाडाला देतात, गाठी नाही तर झाड खाईल काय. यंदा ठरवलं, रायझोबियम, म्हणजे या गाठी धरणारे जिवाणू, लावायचंच.

एका सरकारी कार्यालयात पुड्या आल्याचं कळलं. पहिली चकर, साहेब मीटिंगले. दुसरी चकर, सातबारा आहे पण आठ-अ कुठं आहे? तिसऱ्या चकरेत तीन तास बाकावर, वर टिन तापलेलं, मृग लागून गेलेलं, गावात लोकांची रानं वखरून तयार अन् मी इथं झेरॉक्सचा गठ्ठा मांडीवर घेऊन. शेवटी बाबू उठला न पुड्या काढल्या कुठून, तर खिडकीतून! भर उन्हातून! जिवंत माल तो, सावलीत थंड जागी ठेवायचा. पुडी हाताला गरम लागली, अन् उलटून पाहिली तर छापलेलं 'हरभरा'.

म्या म्हटलं, "साहेब, मले सोयाबीनचं पाहिजे."
"अरे बावा, जिवाणू ते जिवाणूच, काय फरक पडते?"

फरक पडते ना. सोयाबीनचा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा, हरभऱ्याचा सोयाबीनच्या मुळावर गाठी धरत नाही. सही मात्र सोयाबीनच्या रकान्यात घेतली अन् मीही गाडी चुकेल म्हणून करून दिली, तो राग स्वतःवरच आहे.

मग सरळ एसटीनं अकोला गाठलं, पंजाबराव कृषी विद्यापीठातून सोयाबीनचं रायझोबियम अन् पीएसबी (जमिनीतलं स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणलं. तासाभरात काम.

10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमची पुडी. पुडी कालवायचं गुळाचं पाणी उकळून पूर्ण थंड करा, आमच्या हिनं बोट बुडवून पाहिल्याशिवाय मला ओतू दिलं नाही. सोयाबीन चोळू नका, साल लगेच सुटते, आम्ही ताडपत्रीची टोकं धरून हलवलं. सावलीत वाळवून त्याच दिवशी पेरलं. हां, बुरशीनाशक लावणार असाल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी, हे वरच सांगायला पाहिजे होतं.

चाळीसाव्या दिवशी खुरप्यानं मातीसकट झाड काढलं (ओढू नका, गाठी जमिनीतच राहतात), नखानं गाठ फोडली, आत गुलाबी, म्हणजे काम चालू. मोजता मोजता तिसाच्या वर गेलो न सोडून दिलं.

त्या हरभऱ्याच्या पुड्या माठाजवळ ठेवल्या होत्या, रब्बीत कामी येतील म्हणून. काल चष्मा लावून वाचलं, मुदत सप्टेंबरपर्यंतच. हरभरा आम्ही पेरतो दिवाळीच्या आसपास.