चष्मा उतरवल्यावर काम किती येते?

कारखान्यातील प्रशिक्षणाचा विषय निघाला की व्हीआर (हेडसेट घालून पूर्णपणे आभासी जगात वावरणे) आणि एआर (चष्म्यातून समोरच्या खऱ्या वस्तूंवरच सूचना व खुणा दिसणे) ही दोन नावे हल्ली एका दमात घेतली जातात. मला हे नेहमी खटकते, कारण ही दोन साधने दोन निराळी कामे करतात आणि त्यांपैकी दुसऱ्याच्या नेहमीच्या वापराला प्रशिक्षण म्हणावे का, याविषयीच मला शंका आहे.

एआरचा कारखान्याशी संबंध जुना आहे. बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ मध्ये जो शोधनिबंध मांडला, त्यात विमानाच्या वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या तारांच्या जुडग्याच्या, जोडणीचे उदाहरण होते. प्रत्येक हार्नेससाठी तारांचे मार्ग आखलेला वेगळा फळा बनवण्याऐवजी कामगाराने डोक्यावर पारदर्शक पडदा लावावा आणि पुढची तार कोठून न्यायची हे त्याला कोऱ्या फळ्यावरच दिसावे, अशी ती कल्पना होती. म्हणजे कामगाराला शिकवण्यापेक्षा, हवी ती माहिती हव्या त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे आणण्यावर तिचा भर होता. ज्या कामात नमुने सतत बदलतात आणि तीच जोडणी पुन्हा क्वचितच करावी लागते, तेथे हे अगदी योग्य आहे. तेथे पाठांतराचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

अडचण येते ती हाच चष्मा नवख्या कामगाराच्या डोळ्यांवर चढवून त्याला प्रशिक्षण असे नाव दिले जाते तेव्हा. सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये शारीरिक कौशल्यांवरील संशोधनाचा आढावा घेऊन असे मांडले होते की, प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगत राहिल्यास सरावाच्या वेळची कामगिरी सुधारते, पण शिकणारा त्या मदतीवरच विसंबू लागतो आणि ती काढून घेतल्यावर कौशल्य तितकेसे टिकत नाही. तो आढावा निकालाच्या माहितीविषयी होता, एआर चष्म्यात हवेत तरंगताना दिसणाऱ्या बाणांविषयी नव्हे. तरीही कोणता बोल्ट कधी आवळायचा हे प्रत्येक वेळी बाणच सांगत असेल, तर कामगाराला ते आठवण्याचे कारणच उरत नाही, हे उघड आहे. म्हणून मदत टप्प्याटप्प्याने कमी करणे हा अशा प्रशिक्षणाचा गाभा मानला पाहिजे: आधी सर्व सूचना, मग केवळ चुका होणाऱ्या जागी, नंतर कामगाराने मागितली तरच, आणि शेवटी काम झाल्यावर फक्त तपासणी. विक्रीसाठी दाखवल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिकांत मात्र पहिल्याच टप्प्याचे कौतुक चालते, कारण पाहुण्यांपुढे तोच उठून दिसतो.

व्हीआरचे बलस्थान नेमके उलट आहे, कारण तेथे चुकता येते. यंत्र दुरुस्तीला घेण्यापूर्वी वीज तोडून, ती कोणी चुकून सुरू करू नये म्हणून स्विचला कुलूप व टॅग लावण्याची पद्धत घ्या. मुख्य स्विच बंद केल्यानंतरही हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटरमध्ये (दाबाखालील तेल साठवणाऱ्या टाकीत) दाब, कपॅसिटरमध्ये विद्युतभार आणि वर उचललेल्या भागात वजन शिल्लक असते. दाब सोडायला विसरून जोड उघडला तर काय होते, हे खऱ्या यंत्रावर दाखवता येत नाही. आभासी यंत्रावर येते. दुर्दैवाने बऱ्याचदा या प्रणाली अशा बांधलेल्या असतात की चुकीची कृती मुळात करताच येत नाही, किंवा केलीच तर लाल फुली उमटते आणि पुढचे पान उघडते. तेवढ्यासाठी हेडसेट कशाला हवा?

वेल्डिंगची आभासी यंत्रे मला यांत सर्वांत प्रामाणिक वाटतात. त्यांत हातात वेल्डिंगची टॉर्च (वेल्डरचे हातातले अवजार) असते, आणि तिचा कोन, पुढे सरकण्याचा वेग व पत्र्यापासूनचे अंतर या मोजण्याजोग्या गोष्टी मोजल्या जातात. तार, वायू आणि पत्रे खर्ची पडत नाहीत. मात्र तेथे उष्णता नसते, ठिणग्या अंगावर येत नाहीत आणि अवघडलेल्या जागी वाकून काम करावे लागत नाही. त्यामुळे हाताला वळण लावण्याचे काम तेथे करावे आणि उरलेले खऱ्या आर्कसमोर (धातू वितळवणाऱ्या विजेच्या ज्योतीसमोर), अनुभवी वेल्डरच्या शेजारी उभे राहून शिकावे.

डोळ्यांना हालचाल दिसते पण अंतर्कर्णाला ती जाणवत नाही, म्हणून हेडसेटमध्ये काहींना मळमळते. यावर उपाय म्हणजे सत्रे छोटी ठेवणे आणि कामगाराला एका यंत्रापाशी उभे करणे. बटणाने कारखानाभर फिरवत नेणे टाळावे.

याहून अवघड प्रश्न नोंदींचा आहे. नजर कोठे होती, हात किती वेळ अडखळला, कोणती पायरी चुकली, हे सारे नोंदवता येते. सरावातील चुका बढतीच्या किंवा वेतनाच्या निर्णयापर्यंत पोहोचतात अशी शंका आली, की प्रशिक्षणार्थी मुद्दाम चुकून पाहणे सोडतो, आणि व्हीआरचा जो खरा फायदा होता तोच जातो. माझ्या मते सरावाच्या नोंदी प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक यांच्यापुरत्याच राहाव्यात. मूल्यमापन वेगळे करावे, तेही प्रशिक्षण संपताक्षणी नव्हे तर काही आठवडे उलटल्यावर, खऱ्या यंत्रावर आणि चष्म्याविना.