चिठ्ठी लावलेली पुस्तकं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त गॅदरिंग, सहली, बक्षिसं यांबद्दल बरेचजण लिहितील. मला लिहायचं आहे आठवीच्या वर्गातल्या एका फळीबद्दल. इतिहासाच्या बाईंनी ती ग्रंथालयातून मागून घेतली होती आणि तिच्यावर पाटी लावली होती : ‘१९४० ते १९४९’. या फळीवर पुस्तक ठेवायचा हक्क फक्त मुलांचा. आतल्या पानाला शिफारशीची चिठ्ठी लावायची. पण तिच्यात ‘छान आहे’, ‘बोधप्रद आहे’, ‘जरूर वाचा’ असलं काही चालायचं नाही. वाचताना आपण जिथे अडलो ते एक पान सांगायचं आणि का अडलो ते लिहायचं. बस्स.

पुस्तक ‘त्या दशकातलं’ कधी म्हणायचं, यावरून वर्गात खूप वाद झाले. एकाने ‘तोत्तोचान’ आणलं. लगेच हरकत आली, की जपानीत हे पुस्तक १९८१ साली निघालं, मग इथे कसं? तो म्हणाला, “छापलं कधी ते नका बघू, घडलं कधी ते बघा.” लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांची लहानपणची ती शाळा, आगगाडीच्या डब्यांत वर्ग भरणारी, १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाली. मुख्याध्यापक कोबायाशी ती जळताना बघत उभे आहेत आणि स्वतःच्या मुलाला विचारताहेत, आता पुढची शाळा कशी बांधायची? त्याच्या चिठ्ठीत हेच पान होतं. खाली लिहिलं होतं : ‘मी असतो तर रडलो असतो. ते पुढचं बोलले.’

‘द लिटल प्रिन्स’च्या वेळी वाद उलटा झाला. पुस्तक १९४३ चं, न्यूयॉर्कमध्ये निघालेलं, त्यामुळे सालाबद्दल प्रश्नच नव्हता. पण त्यात ग्रह आहेत, गुलाब आहे, कोल्हा आहे. युद्ध कुठे आहे? शिफारस करणाऱ्या मुलीने गोष्ट सोडून अर्पणपत्रिका उघडली. लेखक सेंत-एक्झुपेरी पुस्तक एका मोठ्या माणसाला अर्पण करतात आणि त्याबद्दल मुलांची माफी मागतात. कारणं देतात. त्यातलं एक असं, की हा मित्र फ्रान्समध्ये राहतो आणि तिथे तो भुकेला आहे, गारठलेला आहे. बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘जून १९४० : जर्मनीपुढे फ्रान्सचा पाडाव’. पुस्तक फळीवर गेलं. मला तो तास अजून लख्ख आठवतो, कारण एका ओळीतून अख्खं दशक शोधता येतं हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि ते शोधून दाखवणारी आमच्याच वयाची होती.

अ‍ॅन फ्रँकची डायरी अर्थातच होती. तिच्यावर एकापेक्षा जास्त चिठ्ठ्या लागल्या. एकीने लिहिलं होतं : ‘तिला ही वही तेराव्या वाढदिवसाला मिळाली. आपण तेवढेच आहोत.’ मी मात्र मार्च १९४४ मधलं पान निवडलं. युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा करणार, असं रेडिओवर डच मंत्र्यांनी सांगितलं आणि अ‍ॅन आपली डायरी नव्याने लिहायला बसली. नाझींपासून दडून राहिलेली एक ज्यू मुलगी पुढच्या वाचकांसाठी वाक्यं सुधारत होती! त्याच वर्षी ४ ऑगस्टला तिला पकडलं. पुस्तक १९४७ मध्ये तिच्या वडिलांनी प्रसिद्ध केलं.

मोठ्यांच्या शिफारशीत पुस्तकातून काय मिळेल ते असतं. आम्ही एकमेकांना सांगत होतो ते आपण कुठे अडलो ते, आणि म्हणूनच दुसरा ते पुस्तक उघडायचा. मला वाटतं, इतिहासाची ओढ आम्हाला त्या फळीने लावली.

शाळेला माझी विनंती आहे, ही फळी पुन्हा सुरू करावी आणि या वेळी दशक घ्यावं १९९० चं, म्हणजे आमच्या शाळेच्या दिवसांचं. पुस्तकं आम्ही माजी विद्यार्थी पाठवू. निवड आणि चिठ्ठ्या मात्र मुलांच्याच हव्यात. एका पुस्तकाची शिफारस मी आत्ताच करते : बोस्नियातल्या सारायेव्होच्या झ्लाता फिलिपोविचची डायरी. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये, दहा वर्षांची असताना, तिने ती सुरू केली. पुढच्या एप्रिलपासून शहराला वेढा पडला. पान सांगायचं तर ज्या पानावर ती डायरीला नाव देते ते. अ‍ॅनने आपल्या डायरीला किटी म्हटलं होतं, मग हिलाही नाव हवंच, म्हणून तिने ‘मिमी’ ठेवलं.