कापूस दर डेटाबेस: इंडेक्स असून स्कॅन का मारत होता ते सापडलं

राजेहो, सापडलं एकदाचं! मागच्या अपडेटमध्ये सांगितलं होतं ना, माझ्या एसक्यूलाइट (अख्खा डेटाबेस एका फाईलीत ठेवणारा प्रोग्राम) डेटाबेसात बाजार कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची) टाकला तरी शोध रेंगाळूनच राहिला. जुना हार्डडिस्कवाला लॅपटॉप, टेबलात राज्यभरच्या बाजार समित्यांचे वीसेक लाख रेकॉर्ड, अन् 'हिंग' टाकलं की हिंगणघाट यायला चार-पाच सेकंद.

प्लॅन (शोध कसा करणार ते एसक्यूलाइट सांगते तो) पाहिला की दरवेळी 'स्कॅन दर', म्हणजे 'दर' नावाचं अख्खं टेबल चाळणं. इंडेक्स ड्रॉप करून परत बनवला, ॲनालाइज (डेटाची आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवलं, तरी तेच. काही जणांनी पोस्टग्रेसवर (सर्व्हरवाला दुसरा डेटाबेस) जा म्हटलं, पण अख्खा डेटाबेस एका फाईलीत पेनड्राइव्हवर नेता येते ही सोय मला सोडायची नाही.

घोळ लाइकचा (अर्धवट नावानं शोधायची एसक्यूएलमधली खूण) निघाला. एसक्यूलाइटचं लाइक इंग्रजीचं लहान-मोठं अक्षर एकच धरते अन् साधा इंडेक्स लागलेला असते बायनरी क्रमानं (अक्षरांच्या कोडनुसार, लहान-मोठं वेगळं धरून), दोघांचे नियमच जुळत नाहीत, मग तो इंडेक्सला हातच लावत नाही. नोकेस (लहान-मोठं एकच धरायचा नियम) देऊन इंडेक्स बनवला तर चालते, पण देवनागरीत कॅपिटल-स्मॉल आहेच कुठं? लाइकऐवजी सरळ ग्लोब (तसंच शोधणारं, पण लहान-मोठं वेगळं धरणारं) 'हिंग*' लिहिलं अन् लगेच 'सर्च दर यूझिंग इंडेक्स', म्हणजे इंडेक्स वापरून शोध! आतमध्ये तो 'हिंग'पासून 'हिंघ'च्या आधीपर्यंत एवढंच पाहते, कारण ग नंतर घ. लय भारी वाटलं हे पाहून. हिंगणघाट, हिंगणा, हिंगोली, एंटर दाबताच समोर.

हे सगळं शेलमध्ये (एसक्यूलाइटला कमांड लिहून द्यायची खिडकी) डॉट ईक्यूपी (दर क्वेरीसोबत प्लॅन दाखवणारी सेटिंग) ऑन करून पाहा. डीबी ब्राउझर (बटणं दाबून डेटाबेस पाहायचं ॲप) डेटा चाळायला चांगलं, पण प्लॅनसाठी शेलच.

आता तारखेचं उरलं, सॉर्टला अजून टेम्प बी-ट्री (क्रम लावायला दरवेळी बनवलेली तात्पुरती रचना) लावून राहिला. बाजार-तारीख जोडइंडेक्सचा बेत होता, पण बाजारावर रेंज ('हिंग' ते 'हिंघ'सारखा पट्टा) लागली की मागच्या तारखेचा क्रम कामी येत नाही. अन् हे लिहितालिहिताच सुचलं, बाजारांची नावं वेगळ्या छोट्या टेबलातच काढतो ना! ग्लोब तिथं, मोठ्या टेबलात फक्त बाजाराचा आयडी (क्रमांक) जुळवायचा. मग बाजार आयडी, पीक आयडी, तारीख अन् शेवटी सर्वसाधारण दर, झाला कव्हरिंग इंडेक्स, टेबलाकडं जायचं कामच नाही. किमान-कमाल दर त्यात टाकत नाही, इंडेक्स फुगते अन् रोजचं इन्सर्ट (नव्या नोंदी भरणं) जड होते.

आज रात्री लाईट राहिली तर नवी टेबलं भरतो, तुरीचे दर पण त्याच फेरीत. आर्वी-पुलगावच्या जुन्या दरांची सीएसव्ही कोणाकडं असेल तर सांगा, नावं युनिकोडमध्येच पाहिजेत.