वडिलांसाठी करवून घेतलेला सव्वा लाख जप

वडिलांचे आजारपण लांबले, तेव्हा महामृत्युंजय मंत्राचा सव्वा लाख जप व्हावा अशी आईची इच्छा होती. रुग्णालयाच्या फेऱ्या सांभाळून एवढा जप मला एकट्याला झेपणारा नव्हता, आणि ब्राह्मणद्वारा जप करवून घेण्याची वाट परंपरेनेच दिलेली असल्यामुळे मी चौकशीला लागलो.

पहिल्या ठिकाणी तिघे ब्राह्मण एका दिवसात जप पुरा करतील, यजमानाने येण्याचीही गरज नाही, असे सांगण्यात आले. मी हिशेब मांडला. माळ 108 मण्यांची असली तरी उच्चारातील चुकांपोटी आठ सोडून ती शंभरच धरतात, म्हणजे सव्वा लाखाच्या 1,250 माळा होतात. 32 अक्षरांचा हा मंत्र पाच सेकंदांत म्हटला तरी एका माळेला नऊ मिनिटे आणि सगळ्या जपाला सुमारे 187 तास लागतात. तिघे चोवीस तास न उठता बसले तरी हे जमणारे नाही. आपण ज्यांच्या मुखाने प्रार्थना करणार, त्यांनी ती खरोखर म्हटलेली असावी, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि दक्षिणेची घासाघीस करण्याआधी हाच प्रश्न विचारावा असे मला मनापासून वाटते.

पुढे ज्या गुरुजींकडे अनुष्ठान सोपवले, त्यांनी आपणहून पाच ऋत्विज (जप करणारे ब्राह्मण), रोज सुमारे चार तास आणि नऊ-दहा दिवस असा अंदाज दिला. दक्षिणा, साहित्य आणि ऋत्विजांचे भोजन यांचे बोलणे आधीच झाले. संकल्प मात्र यजमानानेच करायचा असल्याने वडिलांचे नाव, गोत्र, जन्मनक्षत्र आणि जपाचा हेतू मी स्वतः उच्चारला व सुपारी-वस्त्र देऊन ऋत्विजांचे वरण केले, म्हणजे या कर्मासाठी त्यांची विधिवत नेमणूक केली. वरण झाल्यावर त्या कर्मापुरते त्यांना सोयर-सुतक बाधत नाही, त्यामुळे जप मध्येच खंडित होण्याची काळजी मिटली.

पैसे देऊन भक्ती कशी होईल, असे एका नातेवाइकांनी विचारले. दक्षिणा त्यांच्या अध्ययनाची आणि दिलेल्या वेळेची असते. श्रद्धा आणि नियम यजमानालाच सांभाळावे लागतात. मी एकभुक्त, म्हणजे दिवसातून एकदाच जेवून, राहिलो, आरतीला रोज हजर राहिलो आणि गुरुजींकडून उच्चार नीट करून घेऊन एक माळ स्वतः जपत गेलो.

सांगतेत, म्हणजे अनुष्ठानाच्या समारोपात, दशांशाचा (दर वेळी आधीच्या संख्येच्या दहाव्या भागाचा) क्रम असतो: जपाच्या दशांशाने हवनात 12,500 आहुती, त्यांच्या दशांशाने 1,250 तर्पणे (मंत्र म्हणून पाणी अर्पण करणे), पुढे 125 मार्जने (मंत्राने पाणी शिंपडणे) आणि शेवटी तेरा जणांचे ब्राह्मणभोजन. पाचही जण एकाच वेळी आहुती देत होते, तरी हवनाला दुपार झाली, म्हणून त्या दिवशी दुसरे कोणतेही काम ठेवू नये आणि समिधा, तूप व तीळ किती लागतील हे आधीच विचारून घ्यावे. हवनानंतर ऋत्विजांनी उदक सोडून जपाचे श्रेय, म्हणजे त्याचे फळ, मला दिले, आणि मग ठरलेली दक्षिणा मी प्रत्येकाला वेगवेगळी, नमस्कार करून दिली.