त्या बुधवारच्या जेवणाविषयी

“टेक्सासला असताना तू दर बुधवारी चर्चवाल्यांकडं फुकट जेवायला जायचास म्हणे. मग त्यांनी तुला बाटवायला नाही बघितलं?” पहिल्यांदा हे मावशीनं विचारलं, तेही भर पंगतीत. त्यानंतर ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर आणि एमएसला निघालेल्या पोरांच्या आईबाबांकडून इतक्यांदा ऐकलंय की, आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

बघितलं ना. अगदी तोंडावर सांगून बघितलं.

2013च्या ऑगस्टात तिथं पोचलो तेव्हा खोलीत नुसतं कार्पेट होतं. सीनियरनं पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी सांगितल्या: बसचा पास कुठं मिळतो आणि बुधवारी दुपारी बीएसएमला जेवण असतं. बीएसएम म्हणजे बॅप्टिस्ट स्टुडंट मिनिस्ट्री, बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाची विद्यार्थ्यांसाठीची संस्था. कॅम्पसला लागून, रस्त्याच्या पलीकडं त्यांची बैठी, विटांची इमारत. आसपासच्या बॅप्टिस्ट मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चची माणसं, पाळी लावून जेवण आणायच्या. गादी, टेबल, दोन खुर्च्याही मला तिथूनच मिळाल्या, एका रिटायर्ड आजोबांच्या पिकअप ट्रकमधून. बॅप्टिस्टांत बिशप नसतो, प्रत्येक मंडळी आपल्या जागी स्वतंत्र. पण सदर्न बॅप्टिस्टांत, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत निघालेल्या त्यांच्या मोठ्या गटात, सामाईक कामासाठी थोडे थोडे पैसे एकत्र करायची पद्धत 1925 पासून आहे. तिचं नाव कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम. मी सांगलीचा, मला साखर कारखानाच आठवला.

जेवणाआधी प्रार्थना, मग पास्टरचं दहा मिनिटांचं बोलणं, मग रांग. आम्ही चौघं शाकाहारी. फरसबीची भाजी बघून पहिल्या बुधवारी हुरळलो, तर तिच्यात बेकनचे तुकडे. वाढणाऱ्या आजींना ते मांस वाटतच नव्हतं, त्यांच्या लेखी ती फोडणी होती. पण पुढच्या वेळी काचेच्या भांड्यात वेगळी भाजी आली. झाकणावर मास्किंग टेपची पट्टी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘नो पिग’. दोन वर्षं ती पट्टी चुकली नाही. आणि दोन वर्षं आजींचा एक प्रश्नही चुकला नाही: “येशूबद्दल काही विचार केलास का?” मी म्हणायचो, नाही. त्या म्हणायच्या, बरं, आणि वाढायच्या.

ही काय गंमत आहे ते मला उशिरा कळलं. बॅप्टिस्ट तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याला कळतं, त्यानं स्वतः उठून “माझा विश्वास आहे” म्हणायचं, मगच पाण्यात बुडवायचं. आईबापानं केलेलं चालत नाही, सरकारनं केलेलं तर नाहीच. म्हणजे मला फसवून, लाच देऊन किंवा भीड घालून पाण्यात उतरवलं असतं तर त्यांच्याच हिशेबानं मी नुसता ओला झालो असतो. एका स्वयंसेवकानं ऐन परीक्षेत फोन करून करून वात आणला होता, तेही सांगायला हवं. पण मी जेवलो म्हणून कुणी हिशेब मागितला नाही.

श्रद्धेत सक्ती नको, यामागं त्यांचं जुनं दुखणं आहे. धर्माबद्दलच्या मतांवरून मॅसॅच्युसेट्समधून हाकलून दिलेल्या रॉजर विल्यम्स या उपदेशकानं 1636 साली प्रॉव्हिडन्स वसवलं आणि 1638च्या सुमारास अमेरिकेतली पहिली बॅप्टिस्ट मंडळी तिथं उभी राहिली. स्वातंत्र्यापूर्वीच्या व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बॅप्टिस्ट उपदेशक तुरुंगात जात होते. राज्यसत्ता आणि धर्म यांच्यामधली ती प्रसिद्ध ‘भिंत’ राष्ट्राध्यक्ष जेफरसननं 1802 साली ज्या पत्रात लिहिली, तेही डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना उत्तर होतं. सगळा इतिहास असा उजळ नाही. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन 1845 साली निघालं ते गुलामगिरीच्या वादातून, आणि त्याबद्दल माफी मागायला 1995 उजाडलं.

मी तिथं होतो तेव्हा बीएसएममध्ये एक काळजी सारखी कानावर यायची: विद्यापीठं ख्रिस्ती गटांची मान्यता काढून घेतायत. सभासद कुणीही व्हावं याला त्या गटांची ना नसायची. अडायचं ते पदाधिकाऱ्यांवर, ते आपल्याच श्रद्धेचे हवेत असं गट म्हणायचे. विद्यापीठं म्हणायची, पदही सगळ्यांना खुलं ठेवा. कॅलिफोर्नियातल्या हेस्टिंग्ज लॉ कॉलेजच्या खटल्यात 2010 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार अशा मतांनी कॉलेजचा तसा नियम उचलून धरला होता. मग व्हँडरबिल्ट विद्यापीठातून बरेच गट बाहेर पडले, आणि 2014 साली कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाच्या कॅम्पसवर इंटरव्हर्सिटी या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेची मान्यता गेली. ती वर्षभरात परत मिळाली. मान्यता नाही म्हणजे फुकटात वर्गखोली नाही, नव्या मुलांसमोर स्टॉल नाही. बीएसएमची इमारत स्वतःच्या जागेवर, म्हणून त्यांना छपराची चिंता नव्हती. पण नवं पोरगं त्या छपरापर्यंत येणार कसं?

मला तेव्हा हा सगळा कांगावा वाटायचा. मी आमच्या इंडियन स्टुडंट असोसिएशनचा खजिनदार. आमचा अध्यक्ष पक्का नास्तिक, आणि गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. आपल्याकडं कोण काय मानतो हे कुणी विचारत नाही, मोदक वेळेवर आले म्हणजे झालं. ज्यांचं सगळं घरच ‘माझा विश्वास आहे’ या एका वाक्यावर उभं आहे, त्यांना तसं कसं चालेल, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

शिरलं ते आयोवा विद्यापीठाचं प्रकरण वाचल्यावर. तिथल्या बिझनेस लीडर्स इन ख्राइस्ट या छोट्या गटानं एका समलिंगी मुलाला पद नाकारलं. विवाहाबद्दल गटाची जी श्रद्धा ती त्याला मान्य नव्हती. 2017 साली गटाची नोंदणी गेली. त्या मुलाला काय वाटलं असेल, हे मी सहज उडवून लावणार नाही. जिथं आपण प्रार्थना करतो तिथूनच नकार येणं वाईटच. पण त्याच विद्यापीठात दुसरा एक ख्रिस्ती गट होता. त्याच्या पदाधिकाऱ्यांना याच्या नेमकी उलट श्रद्धा मान्य करावी लागायची, आणि त्याची नोंदणी शाबूत होती. नियमाची झळ पुढं शीख मुलांच्या गटालाही लागली. 2019 साली कोर्टानं विद्यापीठाचं हे वागणं पक्षपाती ठरवलं, आणि 2021 साली वरच्या कोर्टानं अधिकाऱ्यांनाही व्यक्तिशः जबाबदार धरता येईल असं म्हटलं. मला हे पटतं. कुणाचा विश्वास चालेल हे विद्यापीठानं ठरवायचं म्हटलं की उद्या आमच्या आरतीपर्यंतही ते येणारच.

हां, एक राहिलं. मी मराठी बोलतो कळल्यावर तिथल्या पास्टरांनी पहिलं नाव घेतलं ते विल्यम कॅरीचं. तोही बॅप्टिस्ट, भारतात आलेला इंग्रज मिशनरी. 1805 साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, त्यानं मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 साली शब्दकोश, तोही मोडी अक्षरांत. मला मोडी वाचता येत नाही हे ऐकून पास्टर खरोखर हिरमुसले.

शेवटच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आजींचं काचेचं भांडं माझ्याच फ्रिजमध्ये राहिलेलं सापडलं. आई फोनवर म्हणाली, रिकामं भांडं परत देऊ नये. साबुदाण्याची खिचडी केली, झाकणावर टेप लावून ‘नो पिग’ लिहिलं आणि घेऊन गेलो. आजींनी दोन चमचे खाल्ले, मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं, ग्लासभर पाणी प्यायल्या. मग विचारलं, “येशूबद्दल काही विचार केलास का?”

म्हटलं, नाही.

“बरं,” म्हणाल्या, आणि खिचडीची प्लेट पुन्हा पुढं केली.